साखर चहातून काढा, पानात वाढा

नमस्कार मंडळी. विषय दिलाय, गोड खायची इच्छा का होते आणि ती नीट कशी भागवायची. माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे पुढे वेळ अपुरा पडला तरी निदान एवढं तुमच्या हाती पडेल. गोड सोडायची गरज नाही. ते कुठे खायचं, हे ठरवायची गरज आहे. आपल्या वाट्याची बरीचशी साखर चहा-बिस्किटात जाते, जिथे ती गोड लागतेय हेसुद्धा आपल्याला जाणवत नाही. आणि सणाला पुरणपोळी पुढे आली की आपण अपराध्यासारखी अर्धी मोडून घेतो. हे उलटं व्हायला हवं.

थोडा हिशोब करू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर, मध, गूळ, फळांचा रस या सगळ्यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला याचा अर्थ ५० ग्रॅम, आणि जमलं तर २५. अख्खं फळ आणि साधं दूध यात धरलेलं नाही. सपाट चमचा म्हणजे ४ ग्रॅम. पण आपल्या घरात सपाट चमचा कोण घालतं? शीग लावलेला चमचा ६-७ ग्रॅमपर्यंत जातो. आपण सपाटच धरू. चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे, झाले ३२ ग्रॅम. सोबत चार ग्लुकोज बिस्किटं, आणखी ५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ३७ ग्रॅम झाले, आणि अजून 'गोड' असा पदार्थ पानात आलेलाच नाही!

आता इथे कुणीतरी म्हणणारच, 'आम्ही साखर बंद केलीय, आम्ही गूळ घालतो.' हात वर करा बरं. बघा, निम्मं सभागृह! मग गुळावर जरा थांबावंच लागेल.

गूळ मलाही प्रिय आहे. कोल्हापूरच्या गुऱ्हाळात काहिलीत रस उकळत असतो, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणतात, ती काढून टाकतात, आणि काकवी पुढे आटत गेली की जो वास सुटतो, त्याला तोड नाही. पण त्या काहिलीत होतं काय? उसाच्या रसातलं पाणी उडून जातं. मागे राहते ती मुख्यतः साखरच, फक्त वेगळी काढलेली नसते. १०० ग्रॅम गुळात ८० ग्रॅमहून जास्त साखर असते. कॅलरी साखरेच्या ४०० तर गुळाच्या ३८० च्या घरात. रक्तातली साखर गुळानेही भराभर चढते. 'पण लोह?' लोह असतं, मान्य. पण १० ग्रॅमच्या खड्यातून मिळून मिळून एखादा मिलिग्रॅम मिळेल, आणि बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरलेली आहे. गुळातून लोह भरून काढायचं म्हटलं तर किती ढेपा लागतील, करा हिशोब. लोहासाठी हळीव खा, पालेभाजी खा, वर लिंबू पिळा.

दुसरी गोष्ट, गूळ साखरेहून थोडा कमी गोड लागतो, म्हणून हात सैल सुटतो. एक चमचा साखरेच्या जागी भलामोठा खडा पडतो. आणि तिसरी, पिवळाधमक गूळ बघून भुलू नका. तो रंग आणायला अनेकदा हायड्रोस नावाचं विरंजक रसायन वापरतात. गडद, तांबूस, जरा मऊसर गूळ घ्या. गुळाचा चहा फाटतो अशी तक्रार बऱ्याच जणी करतात. गुळातली आम्लं आणि क्षार उकळत्या दुधाला फाडतात, म्हणून चहा खाली उतरवा, मिनिटभर थांबा, मगच गूळ विरघळवा. पण हे सगळं चवीसाठी. गूळपोळी गुळाचीच हवी, साखरेची होणार नाही. मात्र 'गूळ आहे, कितीही घ्या' हे वाक्य घरातून हद्दपार करा. माझी खरी तक्रार या वाक्याशी आहे, कारण याच्या आडोशाने मधुमेही आजोबांना तीन-तीन लाडू वाढले जातात.

तेच खजुराचं. २५ ग्रॅमच्या खजूर लाडवात १५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. चोथा असतो, म्हणून तो पेढ्यापेक्षा बरा, पण एकच. मधातही ८० टक्के साखरच. आणि डब्यावर 'शुगर फ्री' लिहिलेलं असेल, तर नियमाने त्यात १०० ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर चालत नाही, हे खरं. पण मैदा चालतो, माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली भुकटी चालते, आणि तेही पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतं. माल्टिटॉल हा साखरेऐवजी वापरतात तो पदार्थ घातलेली मिठाई जास्त झाली तर पोट गुडगुडतं आणि ढाळ होतात. आणि वजन आटोक्यात ठेवायला सॅकरिन, सुक्रालोजसारख्या बिनसाखरेच्या गोडव्यांवर विसंबू नका, असं २०२३ मध्ये त्याच जागतिक संघटनेने सांगितलंय, अर्थात ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती सूचना लागू नाही.

बरं, आता इच्छा का होते? तान्ह्या बाळालाही गोड आवडतं, आईच्या दुधात ७ टक्के दुग्धशर्करा असते. म्हणजे आवड जन्मजात आहे, तिची लाज वाटायचं कारण नाही. सवय मात्र आपण लावतो. रोज चार वाजता बिस्किट खाल्लं, तर मेंदू पावणेचारलाच वाट बघायला लागतो, भूक असो-नसो. तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा: आत्ता कुणी भाकरी-पिठलं पुढे ठेवलं तर खाईन का? उत्तर 'हो' असेल, तर ती भूक आहे, तिला जेवण द्या. दुपारी नुसता भात आणि पातळ आमटी झाली असेल, तर चारला हे होणारच. दुपारच्या पानात घट्ट वरणाची किंवा उसळीची एक वाटी वाढवा, अर्धी वाटी दही घ्या. मग चार वाजता मूठभर फुटाणे आणि दोन खजूर पुरतात. उत्तर 'नाही, मला बर्फीच हवी' असेल, तर ती तलफ. ती रात्रीच्या जागरणानेही वाढते, कारण झोप कमी झाली की भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं.

आणि जेवण झाल्यावर गोडाला जागा कशी होते? जीभ एकाच चवीला कंटाळते, नवीन चव आली की पुन्हा ताजी होते. म्हणूनच म्हणते, गोड जेवणातच घ्या. आधी कोशिंबीर, उसळ, मग पोळी-भात आणि त्याबरोबर गोड. पोटात चोथा आणि प्रथिनं आधी गेली की साखर रक्तात सावकाश चढते. तोच पेढा रिकाम्या पोटी सहा वाजता चहाबरोबर खाल्ला, तर गोष्ट वेगळी.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. खरा विषय तर आत्ता सुरू होतोय! भराभर सांगते, लिहून घ्या.

पहिला चहा. एकदम बंद करू नका, दर दोन आठवड्यांनी कपामागे पाव चमचा कमी करा. लोक इथे फसतात: साखर कमी करतात, पण चहा पावडर आणि उकळणं तेवढंच ठेवतात. मग कडू चहा पिऊन आठवड्यात परत दोन चमच्यांवर येतात. बारीक पावडर फार लवकर उतरते. पावडरही पाव भागाने कमी करा, पावडर टाकल्यावर दोन मिनिटांहून जास्त उकळू नका, दूध थोडं वाढवा, आलं किंवा वेलदोडा घाला. दोन-तीन महिन्यांत जीभ बदलते, जुना चहा पाकासारखा लागतो. टपरीवर साखर आधीच उकळलेली असते, तिथे अर्धा कटिंग घ्या.

श्रीखंड. रिवाज चक्क्याइतक्याच साखरेचा. अर्ध्या किलो चक्क्याला ३०० ग्रॅम पुरते, पण अट एकच, चक्का आंबट नको. दही ताजं लावा आणि फ्रिजमध्येच टांगून ८-१० तास निथळू द्या. बाहेर टांगलेलं दही रात्रभर आंबत राहतं, आणि तो आंबटपणा झाकायलाच सगळी साखर लागते. साखर कमी पडली की श्रीखंड घट्टही होतं, तेव्हा दोन-तीन चमचे दुधात केशर घोळून तेच घाला. वेलदोडा, जायफळ, केशर यांच्या वासानेच पदार्थ जास्त गोड भासतो. आणि गारढोण खाऊ नका. थंडीने गोडी दबते, पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा.

पुरण. एक वाटी डाळीला पाऊण वाटी गूळ आणि चिमूटभर मीठ. अर्ध्या वाटीच्या खाली जाऊ नका, पुरण कोरडं होऊन पोळी कडेने फाटते. उलथणं उभं राहीपर्यंत आटवा.

बासुंदी सगळ्यांत सोपी. लिटरभर दूध मंद आचेवर ४०० मिलीपर्यंत आटवा. आटलं की दुधाचीच गोडी घट्ट होते, दोन सपाट चमचे साखर पुरते.

बेसन लाडू. पिठीसाखर पाऊणपट करा, पण मग तूपही दोन चमचे कमी करा, नाहीतर लाडू बसतात. आणि बेसन कोमट झाल्यावरच साखर मिसळा.

पाकाचे पदार्थ, म्हणजे चिक्की, तिळगूळ, रव्याचे लाडू, जिलबी, यांच्या प्रमाणाला हात लावू नका. पाकच बिघडतो. तिथे आकार निम्मा करा. हापूस अख्खा कापून खा, आमरसात साखर घालायची तर विचारसुद्धा नको.

शेवटचं, आणि हे विसरू नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी गोड कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, डोस बदलावा लागू शकतो. घाम, थरथर, धडधड होऊन रक्तातली साखर ७० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली गेली, तर चॉकलेट, पेढा चालत नाही, त्यातलं स्निग्ध साखरेला रोखून धरतं. 'शुगर फ्री'चा तर उपयोगच नाही. चार सपाट चमचे साखर अर्ध्या पेला पाण्यात विरघळवून लगेच द्या. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तरच. नाहीतर तोंडात काहीही न घालता थेट दवाखान्यात न्या. साखरेचं पाणी दिलं असेल, तर पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर पुन्हा तपासा, ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच द्या. वर आली की मग पोळी-भाजी किंवा वरणभात खाऊ घाला.