बीची बेट: तीन कबरी आणि न सापडलेली चिठ्ठी

समोर दिसतंय ते बीची बेट. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, 74 अंश अक्षांशाच्याही वर. झाड नाही, झुडूप नाही, माणसाची वस्ती नाही. वर सपाट माथ्याचा चुनखडीचा कडा आणि खाली पाण्यापर्यंत उतरत गेलेली करडी खडी. खडीचीच एक चिंचोळी पट्टी या बेटाला शेजारच्या प्रचंड डेव्हन बेटाशी जोडते. त्या पट्टीच्या आडोशाला एक उपसागर आहे. जहाजं इथं थांबली ती या आडोशासाठी.

1845 च्या मे महिन्यात सर जॉन फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं घेऊन इंग्लंडहून निघाले. अटलांटिकमधून पॅसिफिकला नेणारी उत्तरेकडची वाट त्यांना शोधायची होती. पहिला हिवाळा त्यांनी इथंच काढला. भोवतीचा समुद्र गोठलेला, आणि नोव्हेंबरमध्ये बुडालेला सूर्य थेट फेब्रुवारीत दिसणार. त्या काळोखात, 1846 च्या 1 जानेवारीला जॉन टॉरिंग्टन गेला. इंजिनाच्या भट्टीवर काम करणारा, वय अवघं 20. तीनच दिवसांनी जॉन हार्टनेल. एप्रिलमध्ये विल्यम ब्रेन. सोबत्यांनी दगडासारखी गोठलेली जमीन खणून तिघांना पुरलं आणि डोक्याशी नावाच्या फळ्या रोवल्या. मग बर्फ फुटला, जहाजं पुढं गेली. मोहिमेतल्या 129 जणांपैकी एकही परतला नाही.

1850 च्या ऑगस्टमध्ये शोधपथकं या किनाऱ्यावर उतरली. त्यांना मांसाचे शेकडो रिकामे डबे सापडले, खडीनं भरलेले. हातमोजे सापडले, वाळत घातलेले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले. पण सगळे शोधत होते एक चिठ्ठी. मुक्काम हलवताना दगडांची रास रचायची आणि पुढची दिशा लिहून तिच्यात ठेवायची, ही दर्यावर्दींची रीत. रास होती. तिचा दगड न् दगड बाजूला केला, खालची जमीन खणली. ओळभरही मजकूर मिळाला नाही. पुढची कित्येक वर्षं पथकं भलत्याच दिशांना फिरत राहिली, ती या एका कागदापायी.

चिठ्ठी मिळाली ती 1859 मध्ये, इथून खूप दक्षिणेला, किंग विल्यम बेटावर. बीची बेटावरच्या मुक्कामाचा उल्लेख तिच्यात आहे, पण साल 1846-47 असं पडलंय. ते चुकीचं आहे. खरं साल कबरींवरच्या फळ्यांनी सांगितलं.

1984 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ ओवेन बीटी यांनी टॉरिंग्टनची कबर उघडली. शवपेटीतला बर्फ पाणी ओतून हळूहळू वितळवावा लागला. आत तो तरुण जवळजवळ जसाच्या तसा होता. डोळे अर्धवट उघडे, हातपाय कापडाच्या पट्ट्यांनी बांधलेले, शरीर अगदी खंगलेलं. त्याच्या फुप्फुसांना आजारानं पोखरलं होतं. शरीरात शिसंही भरपूर सापडलं. डब्यांच्या डाखातून ते आलं असावं, असा बीटींचा अंदाज होता. शिशानं मोहिमेचा घात केला हे मत पुढच्या काही अभ्यासकांना पटलेलं नाही, आणि तो वाद मिटलेला नाही.

1986 मध्ये उरलेल्या दोन कबरी उघडल्या. हार्टनेलच्या अंगात एक सदरा होता. त्याच्यावर दोऱ्यानं अक्षरं काढलेली होती: टी. एच., 1844. जॉन हार्टनेलच्या नावाची ही अक्षरं नव्हेत. पण 'एरेबस'वर त्याचा सख्खा भाऊ होता, थॉमस. सदरा बहुधा त्याचाच.

तपासणी झाल्यावर तिघांनाही पुन्हा त्याच खडीत पुरलं. 1846 च्या उन्हाळ्यात थॉमसनं याच किनाऱ्यावर भावाला मागं ठेवलं आणि तो जहाजावर चढला.