तोट्याची रांग

श्रोतेहो, नमस्कार.

माझे लहानपण नागपूरच्या इतवारीत गेले. आमच्या घरासमोर धान्याचा ठोक व्यापार करणारे एक गृहस्थ राहत. एका वर्षी तुरीच्या भावाचा त्यांचा अंदाज साफ चुकला, गोदामातला माल पडून राहिला आणि घेणेकरी एकापाठोपाठ एक त्यांच्या गादीवर येऊन बसू लागले. तीन दिवस बैठक चालली. मुनीम खतावणी उघडून एकेकाचे नाव आणि रक्कम वाचत असे, आणि आम्ही मुले ओसरीच्या खांबाआडून ते पाहत असू. प्रथम घरातले दागिने सराफा ओळीत तोलले गेले, मग गोदामातला माल विकला गेला, आणि एवढे करूनही जे भागले नाही त्याबद्दल घेणेकऱ्यांनी रुपयाला दहा आणे घेऊन खाते मिटवले. पुढच्या हंगामात ते गृहस्थ दुसऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहिताना दिसले. नया पैसा येऊन बरीच वर्षे झाली होती, पण दिवाळ्याचा हिशेब मात्र तेव्हाही आण्यांतच होत असे.

पुढे तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवताना मुक्त बाजारपेठेच्या अनेक व्याख्या मी फळ्यावर लिहिल्या. परंतु त्या बैठकीत जे पाहिले, त्याहून नेमकी व्याख्या मला सापडली नाही. तेथे तोट्याची एक रांग होती. ज्याने सौदा केला तो रांगेत पहिला, ज्यांनी त्याला उधार दिले ते त्याच्या मागे, आणि ज्यांचा त्या सौद्याशी काही संबंध नव्हता ते रांगेतच नव्हते. आर्थिक संकटाच्या काळात सरकारने बुडत्या संस्थांना वाचवावे की नाही, हा वाद आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. माझ्या मते तो वाद चुकीच्या जागी सुरू होतो. वाचवावे की नाही यापेक्षा, वाचवताना ही रांग कोणी आणि कशी मोडली, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

१५ सप्टेंबर २००८ या दिवशी न्यूयॉर्कमधील लेहमन ब्रदर्स ही १५८ वर्षांची जुनी वित्तसंस्था दिवाळखोरीचा अर्ज घेऊन न्यायालयात गेली. अमेरिकी सरकारने तिला वाचवले नाही, आणि बाजाराच्या नियमाने चालणाऱ्यांना वाटले की आता शिस्त येईल. ती शिस्त एक दिवस टिकली. १६ सप्टेंबरला तेथील मध्यवर्ती बँकेने एआयजी या प्रचंड विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि त्या बदल्यात कंपनीचा सुमारे ८० टक्के हिस्सा सरकारकडे घेतला. एका दिवसाच्या अंतराने एकाला बुडू दिले आणि दुसऱ्याला उचलले, यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे एखादा माणूस थोड्याशा मोबदल्यासाठी सबंध मोहल्ल्याच्या कर्जांना जामीन राहिला, तर जोवर सगळे हप्ते भरत आहेत तोवर तो शहाणा ठरतो. एआयजीने हेच केले होते. अमेरिकेतील घरकर्जांच्या आधारावर काढलेले रोखे बुडाले तर आम्ही भरपाई देऊ, असे लेखी वचन तिने जगभरातल्या मोठ्या बँकांना विकले होते, आणि ते पाळण्याची वेळ येईल असे गृहीत धरून पुरेशी गंगाजळी मात्र बाजूला ठेवली नव्हती. घरांच्या किमती उतरल्या आणि सगळ्यांनी एकाच वेळी जामीनदाराचे दार ठोठावले. तो कोसळला असता तर ज्या बँका स्वतःला सुरक्षित समजत होत्या त्यांचेही ताळेबंद उघडे पडले असते. त्याच दिवशी एका मोठ्या मनी मार्केट फंडाच्या, म्हणजे लोकांचे पैसे थोड्या मुदतीसाठी उसने देणाऱ्या आणि बँकेतल्या ठेवीइतक्याच सुरक्षित मानल्या जाणाऱ्या फंडाच्या, एका डॉलरच्या युनिटचे मूल्य एका डॉलरच्या खाली गेले, आणि ज्या कंपन्या अशा फंडांकडून आठवड्या-दोन आठवड्यांसाठी पैसे उचलून पगार आणि मालाची बिले भागवत, त्यांचाही पुरवठा आटू लागला. म्हणजे तुरीच्या सौद्यात ज्यांनी हात घातला नव्हता तेही आता रांगेत ओढले जात होते. हस्तक्षेपाचे समर्थन येथे होते आणि ते मला मान्य आहे.

मान्य नाही ते पुढचे. एआयजीसाठी उपलब्ध केलेली मदत नंतर १८० अब्ज डॉलरच्या पलीकडे गेली, आणि त्या पैशातून ज्या बँकांची भरपाई झाली त्यांच्या त्या करारांची किंमत पूर्णच्या पूर्ण चुकवण्यात आली. ज्या बँकांनी पोकळ जामीनदारावर विसंबून जोखीम घेतली होती, त्यांना तडजोडीला बसवण्याची ताकद सरकारपाशी होती. ती वापरली गेली नाही. इतवारीत घेणेकऱ्यांना रुपयाला दहा आणे मिळाले होते. न्यूयॉर्कमध्ये सोळा आणे मिळाले, आणि ते करदात्याच्या भरवशावर मिळाले. मार्च २००९ मध्ये याच कंपनीने सुमारे १६ कोटी ५० लाख डॉलरचे बोनस वाटले, तेव्हा लोकांचा जो संताप झाला त्याची बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही पहिल्या पानावर होती. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की ७०० अब्ज डॉलरच्या बचाव योजनेतून अमेरिकी सरकारने बँकांमध्ये जे भांडवल घातले, ते पुढे नफ्यासह परत आले. परंतु पैसे परत आले म्हणून रांग सरळ झाली, असे होत नाही. विद्यार्थ्याने कॉपी करून साठ गुण मिळवले आणि पुढे तो कर्तबगार निघाला, तरी ते साठ गुण कॉपीचेच राहतात. परीक्षक म्हणून मी तरी असे मानतो.

संकटाच्या काळात मध्यवर्ती बँकेने काय करावे, याचा एक जुना दंडक इंग्रज संपादक वॉल्टर बॅजट यांनी १८७३ मध्ये घालून दिला होता: जी संस्था मुळात सक्षम आहे पण जिच्या हातात या क्षणी रोकड नाही, तिला चांगल्या तारणावर, चढ्या व्याजाने, हात आखडता न घेता कर्ज द्यावे. रोकड संपणे आणि भांडवल संपणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. पहिलीत कर्ज पुरते. दुसरीत मालकाला बाजूला करावे लागते, आणि खरी कसोटी तेथे लागते.

स्वीडनमध्ये १९९२ च्या सुमारास बँका बुडू लागल्या, तेव्हा तेथील सरकारने ठेवीदारांना आणि बँकांना कर्ज देणाऱ्यांना हमी दिली, पण मदत मागणाऱ्या बँकेने आधी आपला तोटा प्रामाणिकपणे लिहून दाखवावा आणि तो प्रथम भागधारकांनी सोसावा, असा आग्रह धरला. आयर्लंडने २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री याच्या उलट वाट धरली. देशातील सहा प्रमुख बँकांच्या ठेवींनाच नव्हे, तर त्यांनी घेतलेल्या बहुतेक सर्व कर्जांना सरकारने हमी दिली. ती हमी देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक रकमेची होती. २००७ मध्ये आयर्लंडचे सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे २५ टक्के, म्हणजे हेवा वाटावा इतके कमी होते. २०१२ पर्यंत ते सुमारे १२० टक्क्यांवर गेले. मंदीत आटलेल्या महसुलाचा त्यात वाटा होता, पण मोठा भाग सरकारने आपल्या नावावर करून घेतलेल्या बँकांच्या तोट्याचा होता. घरबांधणीच्या सट्ट्यात हरलेल्या बँकांच्या बहुतेक रोखेधारकांना पूर्ण पैसे मिळावेत यासाठी शिक्षक आणि परिचारिकांचे पगार कापले गेले.

आता आपल्याकडे येतो. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक क्षेत्रातील बँकांसाठी २ लाख ११ हजार कोटी रुपयांच्या भांडवलाची योजना जाहीर केली. त्यातले १ लाख ३५ हजार कोटी पुनर्भांडवल रोख्यांतून यायचे होते. हे रोखे म्हणजे काय, हे मला कित्येकांनी विचारले आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. सरकार बँकेला रोखा विकते, बँक त्याची किंमत सरकारला देते, आणि सरकार तीच रक्कम भांडवल म्हणून त्याच बँकेत परत घालते. या हातातून त्या हातात गेलेला पैसा संध्याकाळी होता तेथेच असतो. तिजोरीतून एक रुपयाही बाहेर पडत नाही, म्हणून आपल्या प्रथेप्रमाणे तो वित्तीय तुटीत दिसत नाही. परंतु बँकेच्या ताळेबंदात आता सरकारी रोखा आहे आणि सरकारवर त्याचे दरसाल व्याज आहे. बुडीत कर्ज ज्या उद्योगाने घेतले, त्याच्या नावाने वर्तमानपत्रात चर्चा होते. त्याच्या पोटी वाढलेले सरकारी कर्ज मात्र निनावी असते. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात केवळ व्याजापोटी सुमारे ११ लाख ६३ हजार कोटी रुपयांची तरतूद होती, आणि एकूण खर्चातल्या जवळपास प्रत्येक चौथ्या रुपयाला ते गाठते. यातला मोठा भाग वेगळ्या कारणांनी साचलेला आहे, हे खरे. पण कोणता रुपया कोणाच्या चुकीचा, हे एकदा ओतल्यावर वेगळे काढता येत नाही.

रांग उलटी लावल्याचेही उदाहरण आपल्याकडे आहे. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना ५० हजार रुपयांपर्यंतच रक्कम काढता येऊ लागली. स्टेट बँकेच्या पुढाकाराने ती बँक उभी राहिली, ठेवीदार वाचले, हे चांगलेच झाले. पण ८ हजार ४१५ कोटी रुपयांचे एका प्रकारचे रोखे शून्यावर लिहिले गेले, आणि भागधारक मात्र पूर्णपणे पुसले गेले नाहीत. उसने देणारा आधी गेला आणि मालक काही अंशी राहिला. तो वाद न्यायालयात गेला, यात मला नवल वाटले नाही.

ठेवीदाराला मी रांगेत का धरत नाही, असे कोणी विचारील. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा शेजारच्या काकूंसोबत मी तिच्या शाखेत गेलो होतो. शटर अर्धे ओढलेले, त्यावर डकवलेली सूचना, आणि चौकीदार दहा-दहा माणसांना आत सोडत होता. काकूंनी पासबुक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून आणले होते. त्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती, आणि मिळणारी रक्कम त्याच्या निम्मीही नव्हती. पायरीवर बसून त्या मला म्हणाल्या, "सर, बँकेनं कर्ज कोणाले दिलं, हे मले कसं समजणार होतं?" मला उत्तर देता आले नाही. अर्धा टक्का अधिक व्याज मिळते म्हणून त्यांनी ती बँक निवडली होती, हे खरे. पण ताळेबंद वाचून निवडण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करणे हा बाजाराचा नियम नसून थट्टा आहे. १९६० मध्ये केरळमधील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर आपल्या देशात ठेव विम्याचा कायदा झाला, आणि फेब्रुवारी २०२० पासून या विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली. सहकारी बँकांना तो लागू आहे. पतसंस्थांना लागू नाही, आणि आपल्या भागात पतसंस्थेच्या पाटीवर बँकेसारखेच अक्षर असते, म्हणून हे वेगळे सांगतो.

ज्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये हे सारे घडले, त्याच वर्षी, २९ फेब्रुवारी २००८ रोजी, आपल्या संसदेत सुमारे ६० हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली होती. कर्ज फेडण्याची सवय मोडेल, असा आक्षेप तेव्हा मोठ्या आवाजात घेतला गेला. आक्षेप चुकीचा नव्हता. तो सहा महिन्यांनी न्यूयॉर्कबद्दल घेताना मात्र आवाज खाली आला. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी आणि त्याहून अधिक जमीन असलेल्याला उरलेले कर्ज भरल्यास सूट, अशी ती योजना होती. ओलिताच्या दोन हेक्टरांत आणि यवतमाळच्या कोरडवाहू कापसाच्या चार हेक्टरांत किती फरक आहे, हे येथे ऐकणाऱ्या कोणाला सांगायला नको. त्यामुळे विदर्भातला मोठा वर्ग पूर्ण माफीच्या बाहेर राहिला, आणि ज्याने सावकाराकडून उचल घेतली होती त्याचा तर प्रश्नच नव्हता. शिवाय माफीची रक्कम शेतकऱ्याच्या हातात कधी आलीच नाही. ती बँकेच्या थकबाकीत जमा झाली. शेतकऱ्याच्या नावाने निघालेल्या त्या योजनेत बँकांचे ताळेबंदही स्वच्छ झाले, आणि त्या अर्थाने तोही एक बेलआउटच, म्हणजे बुडत्या संस्थेचा सरकारी पैशाने केलेला बचावच, होता. सातबाऱ्यावरचा बोजा उतरला, पुढच्या पेरणीचे पैसे मात्र पुन्हा उसनेच काढावे लागले.

राहता राहिले सरकार. त्यालाही एकदा घेणेकऱ्यांसमोर बसावे लागले. १९९१ च्या मध्यास परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे गहाण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उचलले गेले. सोने भारतातच राहू द्या आणि कागदावर तारण घ्या, हे धनकोंनी मानले नाही. ते विमानात चढवून पाठवावे लागले. रिझर्व्ह बँकेचे देशातले सोने आज मुंबईत आणि आपल्या नागपुरात ठेवलेले असते. संविधान चौकातल्या सिग्नलला रिक्षा थांबते, तेव्हा त्या इमारतीच्या भिंतीकडे माझी नजर हटकून जाते, आणि सराफा ओळीतला तो काटा आठवतो, ज्यावर समोरच्या घरातल्या बांगड्या ठेवताना मुनीमाने मान दुसरीकडे वळवली होती.

नमस्कार.