आराखड्यावरची पहिली रेघ ओढ्याची

श्रोतेहो, नमस्कार.

शहराचा विकास आराखडा साधारण वीस वर्षांनी नव्याने होतो. कागद पसरला की पहिली रेघ रस्त्याची पडते, मग शाळा-बागांसाठी राखलेल्या जागा, मग इमारती. ओढा उरलेल्या जागेत बसवला जातो. हा क्रम उलटा करायला हवा. आधी पाणी, मग रस्ता.

यासाठी पुण्याचीच गोष्ट सांगतो, कात्रजच्या नळाची. सन १७५०च्या सुमारास पुणं राजधानी म्हणून फुगत चाललं होतं आणि विहिरी पुरेनात. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या डोंगराखाली आंबिल ओढ्यावर तलाव बांधवले, वरचा आणि खालचा. तिथून शनिवारवाड्यापर्यंत आठ-दहा किलोमीटर जमिनीखालून दगडविटांचा नळ आणला. नळ म्हणजे आपल्या घरातली तोटी नव्हे, बरं का. आत माणूस उतरून चालू शकेल असा बांधीव बोगदा! पंप नाही, इंधन नाही, कात्रज उंचावर आणि शनिवारवाडा उतारावर, एवढ्या भांडवलावर पाणी चालत आलं.

आता त्यातली खरी कारागिरी ऐका. वाहत्या पाण्यात गाळ येतोच. म्हणून नळात मध्ये मध्ये तळाला खड्डे ठेवले. तिथे वेग मंदावतो, गाळ बसतो आणि वरचं निवळ पाणी पुढे जातं. दुसरी अडचण हवेची. बंद नळात हवा कोंडली की पाणी अडखळतं. म्हणून नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. त्यांतून हवा बाहेर पडायची आणि गाळ उपसायला माणूसही आत उतरायचा. म्हणजे साफसफाईची वाट बांधतानाच ठेवलेली होती. आज पावसाळी गटार बांधतात आणि झाकण डांबराखाली गाडून टाकतात. मग ते साफ कोण आणि कुठून करणार? कात्रजचं पाणी पेठांतल्या हौदांना मिळालं, काळ्या हौदाला मिळालं आणि शनिवारवाड्यातली कारंजीही त्यावरच उडाली. आजही शहरात पाया खोदताना हा नळ लागतो.

तोच आंबिल ओढा २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रज, अरण्येश्वर, सहकारनगर भागात घुसला. त्या पुरात पुणे परिसरात २०हून अधिक माणसं गेली. पाऊस मोठा होता हे खरं, पण पात्रही आवळलेलं होतं. सीमाभिंती पात्रात आल्या की पाणी वाट शोधत घरात शिरतं. रस्त्याखालच्या अरुंद मोऱ्यांत फांद्या, थर्माकोल अडकतात आणि मोरीचं धरण होतं. म्हणून पूल बांधताना चार पाइप टाकू नयेत, पाण्याला खालून जायला एकच रुंद गाळा ठेवावा. आधी पाणी, मग रस्ता!

  

आता आपल्या इमारतीपुरतं बोलू, गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीत जिरवण्याविषयी. हजार चौरस फुटांची गच्ची आणि वर्षाचा ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर साधारण ६५ हजार लिटर पाणी पडतं. बाष्पीभवन आणि गळती वजा जाता ५० हजारांच्या आसपास हाती लागतं. पहिल्या पावसाचं पाणी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतं; ते शंभर-दोनशे लिटर बाहेर सोडून द्यायची तोटी आधी बसवा. मग शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, सगळ्यात वर जाड वाळू. गाळ वाळूतच अडकायला हवा, खाली उतरता कामा नये.

एक गोष्ट मात्र पाहा. पुण्याखाली काळा पाषाण आहे. मुरूम, म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला खडक, लागला तरच पाणी जिरतं, अखंड खडक लागला तर खड्डा भरून ओसंडतो. म्हणून आधी खोदून त्यात पाणी ओता आणि किती वेळात उतरतं ते बघा. खड्डा इमारतीच्या पायापासून लांब ठेवा, सांडपाण्याच्या टाकीपासून तर आणखी लांब. आणि दर मे महिन्यात वाळूचा वरचा थर खरवडून धुऊन घ्या. बहुतेक शोषखड्डे दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात बंद पडतात, ते एवढं काम कुणाच्याच नावावर नसतं म्हणून. सोसायटीच्या वार्षिक सभेत ते काम एका माणसाच्या नावावर लिहून टाका.

नमस्कार.