रीळ संपलं, गाणं चालूच

हे टेपचं रीळ बघा. यंत्रावर फिरायला लागलं की साधारण बावीस मिनिटांत रिकामं होतं. आणि १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या तीन पोरांना जे गाणं रेकॉर्ड करायचं होतं, ते तासाभराहून मोठं होतं. एकच गाणं, 'डोपस्मोकर'. अख्खा अल्बम म्हणजे तेवढंच.

बँडचं नाव स्लीप, गाव सॅन होजे. बास आणि गायन अल सिस्नेरोसचं, गिटार मॅट पाइकची, ड्रम्सवर ख्रिस हाकियस. १९९२च्या 'स्लीप्स होली माउंटन' या अल्बमनं स्टोनर रॉकच्या, म्हणजे संथ, जड गिटारच्या रॉकच्या दुनियेत त्यांचं नाव झालं होतं. पुढे लंडन रेकॉर्ड्ससारख्या मोठ्या कंपनीनं त्यांच्याशी करार केला.

आता त्या आवाजाकडे या. गिटारची सगळ्यात जाड तार एरवी ई स्वरात लावतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ८२ कंपनं. स्लीपनं ती सी पर्यंत उतरवली. ६५ कंपनं. तार सैल पडते, बोटाखाली लोळते, आणि ॲम्प्लिफायर पूर्ण उघडला की तो खर्ज कानाआधी छातीत पोचतो. इतक्या खालच्या स्वराला उमलायला वेळ द्यावा लागतो. घाई केली की नुसता गोंगाट उरतो. हे संगीत संथ आहे ते आळसानं नव्हे. त्या तारेलाच ती लय हवी असते.

मेंडोसिनो भागातल्या स्टुडिओत बिली अँडरसन रेकॉर्डिंग करत होता. रीळ पुरत नाही म्हटल्यावर गाणं तुकड्यांत घ्यायचं ठरलं. सांगायला सोपं वाटतं, पण विचार करा. एक रीळ संपलं, सगळे थांबले, दुसरं चढवलं. आता पुन्हा सुरुवात करायची ती नेमक्या त्याच लयीत, त्याच वजनानं. केसभर लय चढली तरी सांधा उघडा पडणार. जलद वाजवताना चूक पुढच्या ठोक्यात बुडून तरी जाते. इथे दोन ठोक्यांच्या मध्ये एवढी मोकळी जागा आहे की हाकियसची काठी जरा लवकर पडली तरी कळेल. शिवाय कुठला रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, किती आवर्तनं फिरायचा, कुठे वळायचं, हे सगळं पाठ. मला विचाराल तर या अल्बमची खरी कमाई हीच आहे. तिघांच्या अंगात मुरलेली एक लय, जी यंत्र थांबलं तरी थांबली नाही.

कंपनीला हा प्रकार पचला नाही. तासाभराचं एकच गाणं बाजारात आणायला तिनं नकार दिला. बँड फुटला.

१९९९ साली 'जेरुसलेम' नावानं ५२ मिनिटांची आवृत्ती निघाली, तीही सहा तुकडे करून. २००३ साली 'डोपस्मोकर' आलं. ६३ मिनिटं, सलग. गाण्याच्या शब्दांतला, वाळवंटातून गांजाच्या धुरात चाललेला यात्रेकरूंचा तांडा त्यात पहिल्यांदा न अडता चालताना ऐकू आला. मी आजही ऐकताना बाविसाव्या मिनिटाच्या आसपास कान टवकारतो. सांधा सापडत नाही.

आता हेडफोन लावा. सुरुवातीला फक्त गिटार येईल. गाण्याचा पहिला शब्द यायला आठेक मिनिटं आहेत.