क्लामथकाठची युरोक

[दृश्य: नदीचं मुख, वाळूचा दांडा, त्यापलीकडे फुटणाऱ्या लाटा]

उत्तर कॅलिफोर्निया. ऑरेगनमधून निघालेली क्लामथ नदी चारशेहून अधिक किलोमीटर वाहत येऊन इथे, रेक्वा गावाशी, पॅसिफिकला मिळते. तिच्या या खालच्या टप्प्यात दोन्ही काठांना युरोक या मूळनिवासी अमेरिकन जमातीची वस्ती आहे.

युरोक भाषेत वाट सांगताना पूर्व-पश्चिम लागत नाही. 'पुल' म्हणजे नदी जाते तिकडे, 'पेट्स' म्हणजे नदी येते तिकडे. बाकी दिशा नदीपासून डोंगराकडे किंवा नदीच्या पैलतीरी. कोकणात आपण वरची आळी, खालची आळी म्हणतो ना, तसं. फक्त इथे सगळा मुलूखच या हिशेबात बसवलेला. नदीने वळण घेतलं की दिशाही वळते.

[दृश्य: बोर्डिंग शाळेचे जुने कृष्णधवल फोटो]

सरकारी बोर्डिंग शाळांनी मुलांना घरापासून तोडलं आणि घरची भाषा बोलायला मनाई केली. मनाई पाण्यातही पोहोचली. 1969 साली युरोक मच्छीमार रेमंड मॅट्झ यांची पाच जाळी जप्त झाली. ते कोर्टात गेले आणि 1973 मध्ये थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. भाषेच्या गोष्टीत जाळ्यांचा खटला कशाला, असं कुणी विचारेल. पण जाळं कुठे टाकायचं, भोवरा कुठे आहे, मासा कधी चढतो, हे आजोबा नातवाला कुठल्या भाषेत सांगणार होते? आणि जाळंच नसेल तर सांगणार तरी काय?

सप्टेंबर 2002. नदीत पाणी कमी, तेही कोमट. रोग पसरला आणि किमान 34,000 मासे मेले, बहुतेक सॅमन, म्हणजे अंडी घालायला समुद्रातून नदीत वर चढणारे मासे.

2013 मध्ये आर्ची थॉम्पसन गेले. युरोक ऐकत-बोलत लहानाचे मोठे झालेल्या पिढीतले ते शेवटचे मानले जातात. मागे राहिली ती ज्येष्ठांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणं, बर्कली विद्यापीठाच्या मदतीने झालेला ऑनलाइन शब्दकोश आणि नेटाने शिकून भाषा बोलू लागलेली माणसं. आज तिथल्या काही सरकारी हायस्कूलांत युरोक शिकवतात. वर्ग तर हवेच. पण फळ्यावरचं 'पेट्स' पाठ होतं. रेडवुडच्या खोडातून कोरलेली होडी प्रवाहाविरुद्ध वल्हवताना ते दंडात उतरतं.

[दृश्य: धरणाच्या जागी मोकळी वाहणारी नदी]

1918 पासून एकेक करत चार धरणांनी सॅमनची वरची वाट अडवली होती. युरोक, कारुक आणि इतर जमातींनी वर्षानुवर्षं लढून ती धरणं काढायला लावली. 2024 मध्ये शेवटचं धरण गेलं आणि त्याच ऑक्टोबरात सॅमन ऑरेगनमध्ये दिसले. त्याहून वर कीनो आणि लिंक रिव्हर ही दोन धरणं अजून उभी आहेत.

2025 च्या उन्हाळ्यात नदीकाठच्या जमातींची मुलं-मुली कायाक घेऊन उगमाकडून निघाली. महिनाभर 'पुल', 'पुल' करत जुलैमध्ये ती समुद्राला पोहोचली.