फुकट कोर्स, लाखभर नावं, आणि अडलेलं एक गणित

आधी एक आकडा सांगतो मग बाकीचं बोलू. 2012 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स नेटवर फुकट चालवला, नावं नोंदवली 1,54,763 जणांनी आणि शेवटी सर्टिफिकेट मिळालं 7,157 जणांना. हे ऐकलं की एक जण म्हणतो, बघा, शंभरातले पाचसुद्धा टिकले नाहीत, आणि दुसरा म्हणतो, अहो एका कोर्समधून सात हजार पास, कुठल्या वर्गात होतं हे? मला दोघांचंही पटतं, पण माझा जीव अडकतो तो मधल्या लोकांत. पहिल्या गृहपाठात निदान एक तरी मार्क मिळवणारे 26,000च्या वर होते. नुसतं डोकावून गेलेल्यांचं सोडा, फुकट आहे म्हटल्यावर माणूस नाव टाकून बघणारच, त्यात वाईट काही नाही. पण हे 26,000 खरंच वही घेऊन बसले होते ना, त्यातले बहुतेक गेले कुठे?

मी सांगतो काय होतं ते. रात्रीचे अकरा वाजलेत, दिवसभराचं काम उरकून बाई लॅपटॉप उघडून बसली आहे, व्हिडिओ छान समजला, मग गणित सोडवलं, उत्तर टाकलं, लाल फुली. परत केलं, परत लाल फुली. व्हिडिओ तीनदा मागे नेऊन बघितला तरी तो तेच सांगणार जे आधी सांगितलं. वर्गात मास्तरांनी वहीत डोकावून एका सेकंदात म्हटलं असतं, अगं इथे वजा चिन्ह राहिलंय. इथे ते म्हणणारं कोणी नाही, आणि उद्या ती आली नाही तर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

म्हणून ज्यांना आधीच शिकायची सवय आहे ते यात तरून जातात. 2013 मध्ये अमेरिकेतल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीने उडॅसिटी या ऑनलाइन कोर्स चालवणाऱ्या कंपनीबरोबर असे कोर्स करून बघितले, पहिल्या फेरीत निकाल कॅम्पसवरच्या वर्गांपेक्षा खाली आला, उन्हाळ्याच्या फेरीत सुधारला, पण त्या फेरीत बऱ्याच जणांकडे आधीचीच डिग्री होती.

तरी मी या कोर्सेसच्या बाजूचाच आहे, अगदी मनापासून. 2011 मध्ये स्टॅनफर्डचा एआयचा कोर्स खुला केला तर दीडेक लाख लोक आले, म्हणजे शिकायची भूक किती आहे बघा. फक्त कोर्स काढणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की पुढचे पैसे आणखी चकचकीत व्हिडिओंवर घालू नका, उत्तरं देणारी माणसं ठेवा, आणि दुसऱ्या आठवड्यात गृहपाठ थांबला की त्या माणसाला विचारा, कुठे अडलंय?