पक्षाघात: घरच्यांच्या हातात काय असतं

मंडळी, पक्षाघाताचा पेशंट कॅज्युअल्टीत आला की डॉक्टर आधी विचारतात, 'शेवटचे ठीक कधी होते?' लक्षात कधी आलं, हे नंतर. रात्री दहाला नीट बोलून झोपलेल्या माणसाचं तोंड सकाळी सहाला वाकडं दिसलं, तर घड्याळ रात्री दहापासून धरतात. ही वेळ कागदावर लिहून न्या, चालू गोळ्यांची पाकिटंही न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सगळा निर्णय बदलतो.

मेंदूची रक्तवाहिनी एकतर गुठळीने बंद होते, नाहीतर फुटते. बंद होण्याचं प्रमाण बरंच जास्त. पण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: तोंड वाकडं, एक हात उचलला तरी खाली पडतो, बोबडं बोलणं, कधी अचानक तोल जाणं. फरक कळतो सीटी स्कॅनमध्ये. म्हणून घरात अ‍ॅस्पिरिन देऊ नका. आत रक्तस्राव असेल तर तो वाढेल. जिभेखाली सॉर्बिट्रेट तर मुळीच नको. ती छातीच्या दुखण्याची गोळी. तिने रक्तदाब झपकन उतरतो आणि बंद वाहिनीच्या पलीकडे आडवाटेने पोचणारं थोडंफार रक्तही कमी होतं. पाणीसुद्धा नको, कारण गिळण्याचे स्नायू लुळे असतील तर ते फुफ्फुसात उतरतं.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी वाहिनी बंद असेल तर बहुतेकदा जांघेतून नळी घालून गुठळी काढतात. त्याला सहा तास, निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंत मुदत मिळते. पण मुदत आहे म्हणून थांबायचं नाही. मोठी वाहिनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. 108 ला फोन करतानाच सांगा की पक्षाघाताची शंका आहे. सीटी नसलेल्या जवळच्या दवाखान्यात सलाइन लावून घेण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

दहा मिनिटांत हात पुन्हा चालू झाला, तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मोठ्या झटक्याचा धोका त्यानंतरच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो.

धोक्याच्या कारणांत पहिला नंबर रक्तदाबाचा. मग मधुमेह, तंबाखू (मशेरीही त्यातच), कोलेस्टेरॉल आणि अनियमित नाडी. 'आता बीपी नॉर्मल आहे' म्हणून गोळी बंद करणारे फार आहेत. अहो, ते नॉर्मल आहे ते गोळीमुळेच!

आता डिस्चार्जनंतरचं. सगळ्यात जास्त नुकसान खांद्याचं होताना दिसतं. हात लुळा असताना दंडाचं हाड खोबणीत धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेले असतात. हाताच्या वजनाने सांधा खाली सरकतो. खांद्याच्या टोकाखाली चाचपलं तर बोटभर खळगा लागतो. अशा वेळी काखेत हात घालून किंवा तोच हात ओढून उठवलं, तर सांध्याला इजा होते, खांदा इतका दुखतो की पेशंट व्यायामच टाळतो. उठवताना कमरेला आणि पाठीला धरा. बसवल्यावर हात लोंबकळू देऊ नका, मांडीवर उशी घेऊन तिच्यावर कोपरापासून टेकवा. सदऱ्याची बाही आधी अधू हातात घाला, काढताना तो हात शेवटी.

भरवण्याआधी गिळण्याची तपासणी करून घ्या. मग ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, चमचा अर्धा. पातळ चहापेक्षा दाट पेज बऱ्याच जणांना सोपी जाते. किती दाट, ते स्पीच थेरपिस्ट ठरवतील. खाताना खोकला आला किंवा आवाज घोगरा, ओलसर झाला तर थांबा. अधू बाजूच्या गालात घास अडकलाय का पाहा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका.

तेलाने हलकं चोळायला हरकत नाही, पण हात चालायला लागतो तो कामाच्या सरावाने: पेला उचलणं, बटण लावणं, तेच पुन्हापुन्हा. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, पुढेही हळूहळू होत राहते. याच काळात पुष्कळ पेशंट उदास होतात, व्यायामाला नाही म्हणतात. त्याला आळस समजून रागावू नका. दोन आठवडे असंच राहिलं तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.